निर्णय घेण्यात आला

काचेचं दार ढकलून ती आत आली आणि समोरच्या सोफ्यावर साहेबांना बसलेलं पाहून जागीच थबकली.

मागे वळायची सोय नव्हती. साहेबांनीही तिला पाहिलं होतं.

"तू इथे?"

"जरा काम होतं."

"माझंही," साहेब म्हणाले आणि त्यांनी हातातलं वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं.

ती जमेल तितक्या लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. सरकारी पाणीपुरवठा खात्यात ती जमिनीखालच्या जलवाहिन्यांचे नकाशे करायची, म्हणून सगळे तिला नकाशेबाईच म्हणायचे. नोकरी कंत्राटावरची. दरवर्षी मुदत वाढवून मिळायची, आणि ती मिळेपर्यंत घरात कुणी मोठ्याने हसायचं नाही. यंदा खात्याने हे सगळं काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि कंत्राटावरच्या लोकांना महिनाअखेर आवरून घ्यायला सांगितलं.

आज ती मुलाखतीला आली होती ती ही खासगी कंपनी मोठ्या वसाहतींमध्ये पाइप टाकायची. खात्याचीही बरीच कामं हिच्याकडेच होती. म्हणजे साहेबांचं इथे येणं-जाणं असणारच. हे आधी कसं सुचलं नाही, म्हणून ती स्वतःवरच चिडली. साहेबांचा एक शब्द आत गेला की संपलं. आज तर ते कोरा करकरीत शर्ट घालून आले होते. घडीच्या रेषासुद्धा मोडल्या नव्हत्या. खात्यात कधी एवढे नटून आले नाहीत. खासगीवाल्यांकडे यायचं म्हणजे थाट हवाच, तिच्या मनात आलं.

साहेबांचं आणि तिचं कधी जमलं नव्हतं. तसं कुणाचंच जमलं नव्हतं. कायम नोकरीतल्या शिपायालाही ते 'अहो' म्हणायचे आणि कंत्राटावरच्यांना सरसकट 'तू'. सुट्टी स्वतः घ्यायचे नाहीत, दुसऱ्याला सुखाने द्यायचे नाहीत. मुदतवाढीचे दिवस जवळ आले की त्यांच्या खोलीत पाऊल टाकायची कुणाची छाती नसायची.

त्यात गेल्या वर्षीचं ते प्रकरण. मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा साहेब बैठकीला गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. जवळच्या एका दवाखान्याच्या तळघरात पाणी शिरायला लागलं होतं. तिने नकाशा उघडला आणि वाहिनी कुठून बंद करायची ते माणसांना सांगितलं. दवाखाना वाचला, पण अर्धं शहर दिवसभर कोरडं राहिलं. साहेब परत आले ते पेटलेलेच.

"कुणाला विचारून केलंस?" सगळ्यांसमोर त्यांनी तिला झाडलं. "उद्या घरी बसायची वेळ आली तर कोण येणार आहे सांभाळायला?"

धमकी स्पष्ट होती. तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

शिपायाने तिला आत बोलावलं. साहेबांचा पेपर हलला नाही.

आत तिघं जण होते. सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले, कारण तयारी पक्की होती. तिची नणंद एका बँकेत नोकरभरतीचं काम बघायची, आणि रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती वहिनीची मुलाखत घ्यायची. सरकारी बोली काही केल्या सुटत नव्हती. "वहिनी, 'दुरुस्ती करण्यात आली' म्हणजे काय गं?" नणंद विचारायची. "केली कुणी? भुताने? सरळ 'मी केली' म्हण." नवरा ओट्याशी उभा राहून हसायचा.

तिघांमधल्या इंजिनिअरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि आजवर घेतलेला सगळ्यात अवघड निर्णय कोणता, असं विचारलं.

तिच्या डोळ्यांसमोर दाराबाहेरचा तो सोफा आला. काहीतरी गुळमुळीत सांगून सुटता आलं असतं.

"मुख्य जलवाहिनी फुटली होती," ती म्हणाली. "ती बंद करण्याचा निर्णय घेण्यात आला."

"कुणी घेतला?"

तिला नणंदेचा प्रश्न आठवला.

"मी घेतला. विचारायला कुणी नव्हतं. नंतर भरपूर बोलणी खाल्ली."

"पुन्हा तशीच वेळ आली तर?"

"पुन्हा बंद करेन. ओरडायचं ते नंतर ओरडा."

तिघांमधले वयस्कर गृहस्थ हसले. मग त्यांनी इतर दोघांकडे पाहिलं, आणि एक तारखेपासून येता येईल का, असं तिला विचारलं. मुदत किती महिन्यांची, हे तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मुदत कसली? नोकरी आहे ही," ते म्हणाले. "एक जागा भरली. दुसरीसाठी अजून माणसं बघायची आहेत."

ती बाहेर आली. नवऱ्याला फोन करायला हवा होता. नणंदेला तर आधी. पण त्याहून आधी एक काम उरकायचं होतं. एवढी वर्षं गिळलेलं सगळं एका वाक्यात बसवायचं होतं आणि ते वाक्य तिला सापडलंही होतं. दाराकडे न जाता ती तडक सोफ्यापाशी गेली.

"साहेब, तुम्हाला एक सांगायचं होतं."

साहेबांनी पेपराची घडी केली. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ते उभे राहिले. तिच्यासाठी ते आजवर कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी एकदा मुलाखतीच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते नंतर सांगा. आता माझा नंबर आहे. माझंही कंत्राट याच महिन्यात संपतंय... आत काय काय विचारतात हो?"