तिसऱ्याची कडी

गॅरेजमागच्या मैदानात चुन्याची रेष मारून झाली आणि दोराचा प्रश्न आला.

"माझा पट्टा घ्या," भाऊ म्हणाला. "ट्रक ओढलाय याने."

"तुमचा नको, मेहुणेबुवा. माझा नवाकोरा आहे."

"नवाकोरा! आतून अर्धा कापून आणला असेल, भावजी."

एकाच बाईचा एक नवरा, एक भाऊ. दोघांनी एकाच महिन्यात जाड चाकांच्या, चिखलाडोंगरात पळवायच्या एटीव्ही गाड्या घेतल्या आणि कुणाची जास्त ओढते यावरून चार महिने एकमेकांचं तोंड बघितलं नाही. आज दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. जो दुसऱ्याला रेषेपार ओढेल तो खरा. रेषेवर पंच म्हणून तीच, कारण दुसऱ्या कुणावर दोघांचाही विश्वास नव्हता. तिचा वर केलेला हात खाली आला की सुटायचं, असं ठरलं होतं.

शेवटी तोडगा निघाला. दोघांचेही पट्टे घ्यायचे आणि मध्ये लोखंडी कडीने जोडायचे. कडी मात्र तिसऱ्याची हवी. वेल्डरकाकांच्या शेडबाहेरच्या ढिगातून भावाने एक उचलली, नवऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. कशावर, तर भंगारावर. धन्य ती माणसं! रेषेचा अंदाज यावा म्हणून कडीला लाल चिंधीही बांधून झाली.

तेवढ्यात वेल्डरकाका आले. त्यांना उजवा डोळा नव्हता, म्हणून गॅरेजमध्ये सगळे त्यांना दुर्बीण म्हणायचे, तोंडावरसुद्धा. काका कधी चिडले नाहीत. आज मात्र ते चिडले.

"ही कडी कुठून घेतली?"

"तुमच्याच ढिगातून."

"मी ढिगात का टाकली होती, ते विचारलंत?" त्यांनी कडी फिरवून नखाने दाखवलं. केसाएवढी चीर होती. "आणि पट्ट्याच्या मध्ये लोखंड घालतं का कुणी? पट्टा ओढला की गलोलीच्या रबरासारखा ताणला जातो. ही तुटली तर खाली पडणार नाही, उडणार. माझ्याकडे अखंड दोर आहे, तो घ्या."

"भावजींची गाडी तुमच्या शेडमध्ये असते," भाऊ म्हणाला. "दोर कुणाचा, ते कळलं मला."

"आणि यांचं सगळं वेल्डिंग तुम्हीच करता," नवरा म्हणाला. "राहू द्या, दुर्बीण. एवढ्या जाड कडीला हत्ती बांधता येईल."

दोघे आपापल्या गाडीकडे वळले. मागच्या कॅरिअरवर वाळूची पोती चढली. पकड यावी म्हणून टायरमधली हवा कमी झाली. गॅरेजमधली पाच-सहा माणसं कट्ट्यावर जागा धरून बसली.

काका तिच्याकडे गेले. "पोरी, तू लांब उभी राहा."

"लांबून रेष दिसत नाही, काका. बोटभर फरक पडला तरी ही दोघं आणखी वर्षभर भांडतील." "माहेरी म्हणतात, ही नवऱ्याची. सासरी म्हणतात, ही भावाची. आईच्या हातचं जेवून चार महिने झाले मला. आज एकदाचा निकाल लागू दे."

तिला भीती निकालाची होती. लोखंडाची नव्हती.

"माझा डोळा ठिणगीने गेला असं सगळे समजतात," काका म्हणाले. "मीही समजू देतो. वेल्डरला ते शोभतं. पण..."

दोन्ही इंजिनं एकदम सुरू झाली. पुढचं तिला ऐकू आलं नाही. काका दोन्ही हात हलवत नवऱ्याच्या गाडीपुढे गेले, त्याने 'तयार आहे' म्हणून अंगठा वर केला. भावाच्या गाडीपुढे गेले, तर कट्ट्यावरच्या एकाने उठून त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. "अहो काका, कशाला मजा घालवता!"

गाड्या वीतभर पुढे सरकल्या. पट्टे जमिनीवरून उचलले गेले, धूळ झडली, आणि लाल चिंधी गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन थरथरायला लागली. नीट दिसावं म्हणून ती रेषेवर उकिडवी बसून खाली वाकली. चिंधी आता बरोबर तिच्या तोंडासमोर होती. तिने हात वर केला. दोघेही मान मागे वळवून त्या हाताकडे बघत होते.

काका दंड सोडवून आले आणि तिच्या आणि चिंधीच्या मध्ये बसले. कडीकडे पाठ, तोंड तिच्याकडे.

"काका, सरका ना! मला चिंधी दिसत नाही," ती ओरडली.

"मलाही दिसत नाही," काका म्हणाले. "मागच्या खेपेला दिसली होती."

इतक्या जवळून तिने त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. मिटलेल्या पापणीपासून निघालेला व्रण थेट कानामागे गेला होता. ठिणगीचा व्रण एवढा लांब नसतो; उडालेल्या लोखंडाचा असतो.

मागे इंजिनं गुरगुरत होती. वर धरलेला हात आता जड व्हायला लागला होता, आणि तो खाली आला की गाड्या सुटणार होत्या.