पाचपैकी पाच

"अरे बाबा, तू इथं शिकायला आलायस की शिकवायला?" कॉलेजच्या सल्लागार मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्यावरचे गुण पुन्हा वाचले. "रसायनशास्त्र, पाचपैकी पाच. जीवशास्त्र, पाच. गणित, पाच. शाळेतच कॉलेजच्या परीक्षा देऊन मोकळा झालास की!"

"हो, मॅडम," एमेट म्हणाला. मांडीवरच्या टोपीची कड तो बोटांनी चुरगाळत होता.

पुढं डॉक्टर व्हायचंय असं लिहून दिलेली तीसेक मुलं त्या हॉलमध्ये पहिल्या वर्षाचे विषय निवडत होती. प्रत्येकाच्या खुर्चीमागं आई नाहीतर बाप, काहींच्या मागं दोघंही. एमेटच्या मागं भिंत होती. जून महिना, गवत कापणीला आलेलं. बाबांना येणं शक्य नव्हतं, आणि घरात तिसरं माणूस नव्हतं. पाच तास पिकअप हाकत तो एकटाच आला होता.

"हे बघ," बाईंनी पेन्सिलीनं पडद्यावर टकटक केलं. "या गुणांचं क्रेडिट वापरलंस की पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र माफ. थेट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसायचं. तीन वर्षांत पदवी, मग मेडिकल. काय म्हणतोस?"

काय म्हणायचं ते गावात केव्हाच ठरलं होतं. धान्याच्या कोठारावर, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, भेटेल त्याला बाबांनी सांगून ठेवलं होतं, की पोरगा तीनच वर्षांत पदवी घेणार आणि डॉक्टर होऊन परत येणार. गावाला सर्वांत जवळचा डॉक्टर सत्तर मैलांवर होता. लोक एमेटला आत्तापासूनच गुडघे दाखवायला लागले होते.

"वर्गात सगळी दुसऱ्या वर्षाचीच असतील?"

"सगळी. त्यांचे कंपू आधीच जमलेले असतात म्हणा. पण तुला काय, तू बरा नि तुझा अभ्यास बरा."

"आणि पहिल्या वर्षाचे प्रयोग?"

"तेही माफ. पाच गुण काय उगाच पडतात? शाळेत केलेच असशील की."

एमेटच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारं कुणी नव्हतंच. टपालानं पुस्तक मागवून दोन हिवाळे त्यानं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचलं होतं. परीक्षेलाही तो एकटाच होता. समोर कुस्तीचे मास्तर तीन तास सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते. दर्शक मिसळलेल्या आम्लात आम्लारीचा एकेक थेंब सोडत गेलं की शेवटच्या थेंबाला गुलाबी रंग कसा येतो आणि येऊन कसा टिकतो, हे त्यानं पेपरात झकास लिहिलं होतं. तो रंग त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पोहण्याचं पुस्तक पाठ करून आलेलं पोरगं होतं ते.

शेजारच्या टेबलाशी आवाज चढले. सेडी नावाच्या मुलीची आई म्हणत होती, "क्रेडिट वापरायचं नाही. मेडिकलवाले कॉलेजातले गुण बघतात." बाप म्हणत होता, "अगं, जे येतंय तेच पुन्हा कशाला घोकायचं?" सेडीनं डोकं धरलं आणि ती एमेटकडे वळली.

"तुझे कुठायत?"

"कोण?"

"भांडणारे."

"घरी. गवत कापतायत."

"मजा आहे बुवा तुझी," ती म्हणाली. तेवढ्यात तिच्या बापानं भांडता भांडताच एक केळं सोलून तिच्या हातात ठेवलं. तिनं ते न बघताच खाल्लं. एमेटला एकाएकी इतकं एकटं वाटलं, की त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

"मॅडम, क्रेडिट सोडून देता येतं का? रसायनशास्त्राचं?"

"येतं. पण मग पदवीला चार वर्षं लागतील. एक अख्खं वर्ष जाईल, लेका."

"प्रयोग कसे करतात? एकेकट्यानं?"

"छे, जोडीनं. दोघं दोघं."

"मग तेच द्या."

बाईंनी चष्मा खाली ओढून त्याच्याकडे नीट पाहिलं. थट्टेचं काहीतरी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात त्याचं नाव टाईप केलं.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. पिकअपमध्ये बसून त्यानं घरी फोन लावला. पलीकडे गवत कापायच्या यंत्राची घरघर चालू होती.

"बाबा, रसायनशास्त्र पुन्हा पहिल्यापासून घेतलंय. चार वर्षं लागतील."

"चार?" बाबा घरघरीवरून ओरडले. "का रे? ते तर जमलं होतं ना तुला?"

"जमलं होतं."

"मग?"

"एकट्यानं जमलं होतं, बाबा."

यंत्र बंद झालं. कुरणातला वारा तेवढा फोनमध्ये ऐकू येत राहिला. आता बाबा गावाला काय तोंड दाखवू म्हणतील, या भीतीनं एमेटनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"दोन्ही हिवाळे मी टीव्ही बंद ठेवला होता," बाबा हळू आवाजात म्हणाले. "बाहेरच्या खोलीत नुसता बसून असायचो. मला वाटायचं, तुला शांतता हवी असेल."

बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.