साहेबांची मोफत गाडी

दवाखान्याला डॉक्टर द्या, म्हणून वस्ती घसा फुटेस्तोवर ओरडली. निवडणुकीच्या तोंडावर साहेबांनी मोठं मन करून शववाहिका दिली. मोफत, आणि वर हात जोडलेला स्वतःचा फोटो. मतदानाच्या दिवशी गाड्या कमी पडल्या, तेव्हा कार्यकर्त्याने अंथरुणाला खिळलेल्या आजींना न्यायला तीच दारात आणून उभी केली. सुनेने कपाळावर हात मारला. आजींनी मात्र खुशाल स्वतःला उचलून आत आडवं करू दिलं.

"घाबरू नका आजी," कार्यकर्ता म्हणाला, "मत टाकलं की लगेच घरी आणून सोडतो."

"घाबरायचं काय त्यात? मत टाकलं की तुमच्या लेखी आम्ही मेलोच. या खेपेला निदान गाडी तरी बरोबर पाठवलीत."