सहा नि अर्धा

"सहा नि अर्धा, पोरी, सहा नि अर्धा!" मुक्ता लहानपणी जुलाबांनी मलूल झाली, तेव्हा मीठ-साखरेचं पाणी पाजताना आत्या म्हणायची. आत्या गेली, आकडे तेवढे कानात राहिले. आज सकाळी तान्ह्या भावाला जुलाब लागले, तर "मला येतं गं आई," म्हणत मुक्तानंच लिटरभर पाणी कालवून ठेवलं नि ऐटीत शाळेला आली.

सातवीच्या वर्गात चौगुलेबाई गुणोत्तर शिकवत होत्या. टेबलावर पाण्याचे दोन तांबे होते. एकात सहा चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ. दुसऱ्यात नेमकं उलट.

दुसऱ्यातला थेंब चाखून दिग्या थुंकला. "बाई, हा तर समुद्रच आणलात!" वर्ग हसला.

"आकडे तेच, जागा बदलल्या," बाई म्हणाल्या. "पहिलं जुलाब लागलेल्या बाळाला तारेल, दुसरं जीव घेईल."

तळ गाठलेली मिठाची बरणी मुक्ताच्या डोळ्यांपुढे आली. सांगितलं तर आई काय म्हणेल?

"बाई," ती रडवेली होऊन उठली, "घरी मी मीठच सहा चमचे घातलंय. बाळ उठलं की आई पाजणार आहे."