बोटांनी आवळलेला नट

"स्टिअरिंग बॉक्स गेलाय, ताई," मिस्त्री गाडीखालून म्हणाला.

ती सीटवर बसली होती. तिने स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवून पाहिलं. चांगलं चार बोटं सैल होतं. मग तिने ते छातीकडे ओढलं. ते आलं. ढकललं, तर मागे गेलं.

"बॉक्स ठणठणीत आहे. तो झिजला तर स्टिअरिंगचं चाक नुसतं फिरवताना सैल लागेल, असं पुढे-मागे होणार नाही. वरचा नट सुटलाय, म्हणून दोन्ही होतंय. या बाहेर."

मिस्त्री बाहेर आला. दोघं एकाच हाताखाली शिकलेले होते, तिच्या वडिलांच्या. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ही दोन सीटांची जुनी स्पोर्ट्‌स कार मास्तरांनी भंगारातून आणून उभी केली, तेव्हा पाने हातात द्यायला एका बाजूला हा असे, दुसऱ्या बाजूला ती. त्यांना जाऊन महिना झाला होता. आज गाडी ती आपल्या घरी नेणार होती.

चाकाच्या मधलं हॉर्नचं बटण चाकूने उचकटल्यासारखं खरवडलेलं होतं. तिने ते काढलं. खालचा नट दोन बोटांनी फिरला. त्याला अडवून धरणारी चकती जागेवर नव्हतीच.

मिस्त्रीने मान खाली घातली. मास्तरांचा हात शेवटी फार थरथरायचा, तो म्हणाला, वयच होतं, राहून गेलं असेल.

हे तिच्या वर्मी लागलं. सहा महिन्यांपूर्वी त्या थरथरत्या हातातूनच तिने गाडीची चावी काढून घेतली होती. नट बाबांनीच असा सोडला असेल, तर ती बरोबर होती. तिला आज बरोबर ठरायचं नव्हतं.

तिने चाक उतरवलं, ते ज्यावर बसतं त्या शाफ्टचे दाते पुसले, टॉर्च जवळ धरला. दात्यांच्या कडा चहूबाजूंनी खरचटल्या होत्या.

"हे एकदा नाही, वीस-पंचवीस वेळा काढलंय. दर वेळी वेगळ्या दातावर बसवलंय. बाबा खूण केल्याशिवाय पाना लावायचे नाहीत. हा त्यांचा हात नाही."

"माझा आहे," दारातून आई म्हणाली.

मिस्त्रीला हसूच आलं. या बाईने गाडीला जन्मभर सवत म्हटलं होतं. तिला साधं फडकंही कधी लावलं नव्हतं.

शेवटच्या महिन्यात बाबा अंथरुणाला खिळल्यावर, आईने सांगितलं, दुपारचे चार वाजले, गाडी काढायची वेळ झाली, की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. कुठला पाना लावायचा ते त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी तिने अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हाच ती चकती कुठेशी घरंगळली. मग रोज ती चाक काढून आत न्यायची, त्यांच्या हातात द्यायची आणि पलंगावर शेजारी बसायची. ते पाऊण तास गाडी चालवायचे. तेवढा वेळ हात थरथरायचा नाही. लेक यायच्या आत चाक परत जागेवर, नट बोटांनीच आवळलेला.

चाक लेकीच्या मांडीवर होतं. तिने विचारलं, "कुठे जायचात?"

"तुझ्याकडेच की. पोचलो की मला म्हणायचे, तू उतर, बेल वाजव, मी गाडी लावून आलोच."