अकरा दिवसांची शेळी

शेळी चटईवर ठेवली, तेव्हा कारागीर संघाच्या भाव समितीतले तिघेही पुढे वाकले.

कडुनिंबाच्या एका फांदीतून कोरलेली, वीतभर उंचीची. मान मागे वळवून ती शिंगाने पाठ खाजवत होती. केनियातल्या उकांबानीतले कारागीर हत्ती, सिंह, जिराफ कोरतात, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. शेळी कोणी कोरत नाही. ती दारात बांधलेली असते.

"हिला घेणार कोण?" वांबुआ म्हणाला. "गोरा माणूस इतक्या लांबून सिंह बघायला येतो. शेळी त्याला हॉटेलात ताटात मिळते."

"चिठ्ठी लिही," किलोंझो म्हणाला. तिघांत तोच वयाने मोठा.

संघाची पद्धत ठरलेली होती. वस्तूच्या तळाशी कारागिराचा क्रमांक कोरलेला असे आणि त्यावर कागद चिकटवलेला. तिघांनी वस्तू पाहून, इंच मोजून आपापला भाव चिठ्ठीवर लिहायचा. मधला भाव कायम. मगच कागद काढायचा.

चिठ्ठ्या उघडल्या. वही सांभाळणाऱ्या न्दोलोने अठराशे शिलिंग लिहिले होते, किलोंझोने चोवीसशे. वांबुआने तीन हजार.

"घेणार कोण म्हणत होतास ना?" किलोंझोने विचारलं.

"विकणं वेगळं, कोरणं वेगळं," वांबुआ म्हणाला. "तिला खरंच खाज सुटलीय."

न्दोलोने मोठ्याने म्हणत वहीत चोवीसशे लिहिले आणि कागद सोलला. खाली एकशे अठरा हा आकडा होता, वेडावाकडा, नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या पोराने गिरवल्यासारखा.

तो मुसेम्बीचा क्रमांक होता. दोन महिन्यांपूर्वी लाकूड तासताना वाकस निसटून मुसेम्बीच्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या. त्याची बोटं अजून मिटत नव्हती. दवाखान्यासाठी वर्गणी या तिघांनीच गोळा केली होती.

ओसरीवर आठ बायका दुसऱ्यांच्या वस्तू पॉलिशपेपरने घासत बसल्या होत्या. त्यांतून मुसेम्बीच्या बायकोला, कालोंडूला, आत बोलावलं. ती हातावरचा भुसा झटकत उभी राहिली.

"कामेनेची आई, ही कोणी कोरली?" किलोंझोने विचारलं.

"मी."

"आणि क्रमांक?"

"तो त्यांनी. डाव्या हातानं. क्रमांकाशिवाय तुम्ही वस्तू आत घेत नाही."

न्दोलोने नियम वाचून दाखवला. दुसऱ्याच्या कामावर आपला क्रमांक घातला, तर वस्तू जप्त आणि क्रमांक रद्द. क्रमांक रद्द झाला की जखमी कारागिराला संघाकडून मिळणारी महिन्याची मदतही बंद. कालोंडूने मान हलवली. तिला हे ठाऊक असावं.

"एवढं कशाला ताणायचं?" वांबुआ म्हणाला. "घासणाऱ्या बाईनं हौसेनं केलेली वस्तू म्हणून सहाशे लावा. मुसेम्बीची मदतही चालू राहील. कुणाचंच वाईट व्हायला नको."

"मघाशी तू तीन हजार लिहिलेस," किलोंझो म्हणाला.

"मघाशी मला कुठं माहीत होतं?"

"काय माहीत नव्हतं? शेळी तीच आहे."

किलोंझोने शेळी उचलली, शिंग पाठीला टेकलं होतं त्या जागेवरून अंगठा फिरवला. मग कालोंडूकडे वळला.

"तू किती लावले असतेस?"

"पंचवीसशे," ती लगेच म्हणाली.

"कशावरून?"

"इथं घासायचे मला दिवसाला दोनशे मिळतात. हिला माझे अकरा दिवस गेले. बावीसशे. फांदीला तीनशे मोजले. तुम्ही शंभर कमी लावलेत."

न्दोलोने पेन खाली ठेवलं. संघ सुरू झाल्यापासून भाव इंच आणि कोरीव काम पाहून ठरत होता. दिवस कोणी मोजले नव्हते.

"लावलेला भाव हलत नाही," किलोंझो म्हणाला. "खाली नाही, तसा वरही नाही. चोवीसशे. न्दोलो, हिच्या नावाचा नवा क्रमांक काढ."

"आणि एकशे अठरा?"

"डाव्या हातानं कोरलेल्या क्रमांकाबद्दल नियमात काही लिहिलंय का?"

न्दोलोने नियमांचं पान खरोखरच पुन्हा वाचलं. "नाही."

"मग तो मुसेम्बीचाच राहू दे."

"नव्या क्रमांकाला दोन कारागिरांच्या सह्या लागतात, मझे," न्दोलो वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं म्हणाला.

किलोंझोने सही केली आणि वही वांबुआपुढे सरकवली. वांबुआने पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"उद्या त्या बाकीच्या सातजणी रांगेत उभ्या राहतील. मग आमच्या वस्तू घासणार कोण?"

"तू," किलोंझो म्हणाला.

वांबुआ हसला नाही. तो कालोंडूकडे बघत राहिला.

"त्या अकरा दिवसांत शेळी घासायचे दिवस धरलेस?"

"धरले. तेही कामच आहे."

"आणि लाकूड वाळायला ठेवलं ते?"

"ते नाही धरले. तेव्हा मी इथं येत होते."

त्याने सही केली. न्दोलोने तिला नवा आकडा सांगितला, तीनशे बेचाळीस. तिने तो दोनदा पुटपुटला, शेळी घेतली आणि जुना आकडा तासून काढायला बाहेर गेली.

न्दोलोने पुढची वस्तू चटईवर ठेवली. किलोंझोने चिठ्ठी लिहून पालथी घातली. वांबुआचं लक्ष नव्हतं. त्याचा छत्तीस इंची जिराफ गेल्या आठवड्यात याच चटईवर ठेवला होता आणि सोळाशेला गेला होता. तो मांडीवर हात ठेवून एकेक बोट मिटत होता. दोन्ही हातांची बोटं मिटून झाली. त्याने मुठी उघडल्या आणि पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली.