पिळलेल्या तारा

नलूच्या पत्राला श्रीनिवासरावांनी उत्तर दिलं नव्हतं, हे त्यांना पुलगावात ओमप्रकाशच्या दुरुस्तीच्या दुकानात तिचं लाउडस्पीकरचं मशीन उलटं पडलेलं पाहून आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे. सहा वर्षांत ते विसरले कधी नव्हते.

नलू त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. तळेगावला दिली होती. नवरा लाउडस्पीकरचा धंदा करायचा, तो गेला. जड व्हॉल्व्हचं मशीन तिला उचलेना, तेव्हा गुरुजींच्याच सल्ल्यानं तिनं नागपूरहून वापरलेलं ट्रान्झिस्टरचं मशीन आणलं. अठ्ठ्याहत्तर साली तिनं लिहिलं होतं: "गुरुजी, मशीन हलकं आहे, बॅटरीवर चालते. पण दोनदा जळलं. सारे म्हणतात, वापरलेलं ट्रान्झिस्टर सहा महिन्यांवर जगत नाई. ते किती वर्षं टिकते, लिहून कळवजा. हे चाललं तं मी माझ्या घरी राहीन, नाई तं दिराच्या दारात."

गुरुजींनी पुस्तकं काढली. पुस्तकं म्हणत होती, ट्रान्झिस्टर झिजत नाही. नलूचं मशीन तर जळत होतं. पुस्तकावर विश्वास ठेवायचा की नलूवर, हे त्यांना ठरवता आलं नाही. ते कागद घ्यायचे, 'चि. नलू हिस' लिहायचे आणि थांबायचे.

"चौथ्यांदा जळलं, गुरुजी," मशीन दुकानात घेऊन आलेला रूपराव म्हणाला. हा नलूचा दीर. मशीन जळाल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. "मी तं पयलेच म्हनलं होतं, बाईमानसानं भोंगे वाजवू नाई. आता भंगारात इकतो अन् वहिनीले लावतो वावरात निंदनाले."

ओमप्रकाशनं मशीन उचलून हुंगलं. त्याची सगळी विद्या नाकात होती. हुंगायचं आणि निकाल द्यायचा. मागच्या फळीवर त्यानं सात मेलेली ट्रान्झिस्टर मशिनं ओळीनं मांडली होती आणि येईल त्याला तो ती कौतुकानं दाखवायचा.

"व्हॉल्व्हचं मशीन म्हंजे म्हैस, गुरुजी. तापते, पन दूध देते. अन् हे वापरलेलं ट्रान्झिस्टर? चार घरून हाकललेली शेळी."

रूपराव खदखदून हसला. गुरुजींना दोघांचीही किळस आली. या दोघांनी मिळून जन्मात एक पुस्तक पुरं वाचलं नसेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना जरा बरं वाटलं.

ओमप्रकाश आता कुणाचं तरी व्हॉल्व्हचं मशीन तपासत होता. उंबऱ्यावरचा भोंगा खणखणीत वाजला. मशीन चालूच ठेवून त्यानं भोंग्याच्या तारा सोडल्या आणि दोन्ही उघडी टोकं एकमेकींना पिळून टाकली.

"हे काय केलंस?"

"तारा पिळल्या. मोकळ्या सोडल्या तं मशीन जळते ना."

"नलूच्या मशीनलाही असंच करतोस?"

"साऱ्याइलेच करतो. नलूबाई बी तसंच करते. वरात सरकली का भोंगा दुसऱ्या झाडावर न्या लागते. तवा मशीन कोन बंद करते? तारा पिळाच्या अन् भोंगा न्याचा."

गुरुजींचे कान तापले. व्हॉल्व्हच्या मशीनला मोकळ्या तारा घातक, हे खरं. ट्रान्झिस्टरचं नेमकं उलटं. त्याला मोकळ्या तारा चालतात. पिळल्या की ते जागच्या जागी मरतं. हे त्यांनी वाचलं होतं, तांबड्या पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. म्हणजे पुस्तकही खरं आणि नलूही खरी. खोटा होता तो हा हुंगणारा शहाणा.

"कोण्या गाढवानं शिकवलं रे तुला हे?" ते ओरडले. वर्गातही ते कधी ओरडले नव्हते.

ओमप्रकाश गोंधळला. त्यानं मशीनसोबत आलेल्या नलूच्या लाकडी पेटीचं झाकण त्यांच्यापुढं उघडं केलं. मशीन बदललं होतं, पेटी जुनीच होती. झाकणाला आतून खळीनं चिकटवलेला एक पिवळा, सायक्लोस्टाइल केलेला कागद होता. 'लाउडस्पीकरची निगा.' नियम चौथा: 'भोंगा काढताच दोन्ही तारा एकमेकींना पिळून ठेवाव्यात.' खाली सही आणि साल, १९६४. तेव्हा सगळी मशिनं व्हॉल्व्हचीच होती.

अक्षर सुरेख होतं. श्रीनिवासरावांचं होतं.

"तुमीच तं छापून वाटले होते शाळेत," ओमप्रकाश म्हणाला. "या भागात साऱ्याइच्या पेटीत हाय."

"हा वहिनीनं लग्नात संगं आनला," रूपराव म्हणाला. "माह्या गुरुजीनं लिवला म्हने. दसऱ्याले हयद-कुंकू लावते त्याले."

कागदाच्या कोपऱ्यावर हळदीचे डाग होते, एकावर एक. गुरुजींनी फळीवरच्या सात मशिनांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"ओमप्रकाश, याचे जळलेले ट्रान्झिस्टर बदल. आणि मशीन नलूशिवाय कुणाच्या हाती देऊ नकोस. मी तिला पत्र लिहितो."

"लिवा, लिवा," रूपराव हसला. "सहा वर्सं झाले, ते पोस्टमनची वाट पाहून राह्यली."

गुरुजी घरी गेले नाहीत. घरी पुस्तकं होती. त्यांनी पोस्टात अंतर्देशीय घेतलं आणि खिडकीशी दोरीला बांधलेल्या पेनानं उभ्याउभ्याच लिहिलं. पुन्हा वाचलं असतं तर खिशात राहिलं असतं, म्हणून न वाचताच चिकटवून पेटीत टाकलं.

'चि. नलू हिस, भोंगा काढताना मशीन आधी बंद कर आणि तारा पिळू नकोस. मशीन ओमप्रकाशकडे आहे, ते स्वतः येऊन घे. झाकणातला कागद फाडून टाक. तू विचारलं होतंस, वापरलेलं मशीन किती वर्षं टिकतं. पंधरा वर्षं सहज टिकतं. तुझं चारही वेळा मी जाळलं.'